हवा वाढली, इंधनाचे काय?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटेल. टर्बो असलेल्या वेगवान मोटारीची कारखान्याने दिलेली इंधनव्यवस्था काढायची आणि तिच्या जागी बाजारातून आणलेली मोठी व्यवस्था बसवायची, हा तो विषय. अशा मोटारी आपल्या गावच्या रस्त्यावर कितीशा धावतात, आणि आपले त्यांच्याशी देणेघेणे काय, असे आपण म्हणाल. शंका रास्त आहे. पण टर्बो हा शब्द आता गावाला परका राहिलेला नाही. तो ट्रॅक्टरवर आला, जीपवर आला, मालमोटारीवर आला. आपल्या गावची मुले आय.टी.आय. शिकून शहरातल्या गॅरेजांत कामाला जातात आणि तेथे हीच कामे त्यांच्या हाताखालून जातात. शिवाय ही व्यवस्था चालते ती आपल्या ठिबक सिंचनाच्याच न्यायाने. ज्याला ठिबक कळले, त्याला हे कळायला अर्धा तास पुरे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून जळालेला वायू मोठ्या जोराने बाहेर पडतो. एरवी तो सायलेन्सरमधून फुकट जातो. त्याच्या वाटेत एक लहानसे चक्र ठेवले तर ते गरगर फिरू लागते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवले, की ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९२० नंतरच्या दशकात ती जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर यशस्वी झाली. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाईल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर या मोटारी टर्बोसह विक्रीला आल्या. पुढे १९९२ साली जपानातून सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या दोन लिटर इंजिनाच्या मोटारी निघाल्या. जगभरच्या हौशी लोकांनी ज्या गाड्यांची ताकद वाढवण्याचा ध्यास घेतला, त्यांत या दोघींचा नंबर बराच वरचा आहे.

आता मुख्य मुद्दा. टर्बो देतो ती नुसती हवा. हवा जळत नाही, जळते ते पेट्रोल. पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून हवा वाढवली की त्या हिशेबाने पेट्रोल वाढवावेच लागते. हौशी तरुणाला टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि वाढलेला जोर पाठीला जाणवतो, त्यामुळे तो हवेचा दाब वाढवून मोकळा होतो. पेट्रोल मात्र दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. इंजिने जळतात ती नेमकी येथे.

शिक्षक मित्रहो, हा हिशेब फळ्यावर मांडता येईल. दोन लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन घ्या. ते दोन फेऱ्यांत दोन लिटर हवा घेते. मिनिटाला ६,००० फेरे धरले तर ६,००० लिटर हवा झाली. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ७.२ किलो. टर्बोने बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे एक बार, दाब वर चढवला आणि ती हवा नीट थंड करून आत सोडली, तर तीच सुमारे दुप्पट, १४.४ किलो होते. जोराच्या वेळी पेट्रोल थोडे सढळ सोडतात, साधारण बारा भाग हवेला एक भाग. म्हणजे मिनिटाला १.२ किलो पेट्रोल, मापाने सुमारे १.६ लिटर. तासाचा हिशेब केला तर ९७ लिटर! अर्थात एवढा जोर कोणी तासभर लावत नाही, पण लावला त्या क्षणी तेवढी धार मिळालीच पाहिजे.

हे पेट्रोल चार इंजेक्टरांतून जाते. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. वाट्याला प्रत्येकी मिनिटाला सुमारे ४०५ घनसेंटिमीटर आले. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. त्याचा ८० टक्के वेळच वापरावा असा जाणत्यांचा प्रघात आहे. तेव्हा इंजेक्टर ५०७ घनसेंटिमीटरचा हवा. आता गड्याने हौसेने दाब एकवरून दीड बारवर नेला. हवा १८ किलो झाली, पेट्रोल दीड किलो लागले, आणि प्रत्येक इंजेक्टरचा वाटा भागाकार केला तर बरोबर ५०७ घनसेंटिमीटर! म्हणजे जो इंजेक्टर शंभरातले ऐंशी क्षण उघडा होता, तो आता शंभरच्या शंभर क्षण उघडा. तोटी पूर्ण सोडलेली आहे आणि आणखी सोडायला जागा नाही. यापुढे दाब अंगुळभर जरी वाढला, तरी हवा वाढेल आणि पेट्रोल तेवढेच राहील.

मग काय होते? कमी पेट्रोलच्या जोडीला जास्त हवा गेली की आतला भडका वेळेआधी आणि वेडावाकडा होतो. इंजिन नॉक करते, म्हणजे आत हातोडीचे ठोके बसावेत तसा आवाज देते. सढळ पेट्रोल आतली उष्णता शोषून घेत असते, तो थंडावाही जातो. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्याचा काठ तुटतो, नाहीतर माथ्याला भोक पडते. हे व्हायला महिने लागत नाहीत. पूर्ण जोरात असताना थोडक्या वेळात होते, आणि वर्षभराची बचत गेली असे कळते.

म्हणून शहाणा कारागीर हवेच्या आधी इंधनाची सोय करतो. ती कशी करतात ते पाहू. येथे आपल्या ठिबकाची आठवण ठेवा. विहिरीतला पंप म्हणजे गाडीच्या टाकीतला पंप. आपल्या जाळीच्या गाळणीच्या जागी तिकडे इंधनाची गाळणी. मुख्य पाईप म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी. लॅटरल म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारी आडवी नळी, आणि ड्रिपर म्हणजे इंजेक्टर. बऱ्याच गाड्यांत आपल्या बायपाससारखी सोयही असते. दाबनियंत्रक ठरलेला दाब राखतो आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत पाठवतो. नुसते मोठे ड्रिपर लावले आणि विहिरीवरचा पंप जुनाच ठेवला, तर शेवटच्या ओळीला पाणी पोचेल का? येथेही तोच न्याय. साखळीतली जी कडी अशक्त, तिच्यावर सारी मदार.

प्रथम पंप. बाजारात तासाला २५५ लिटर देणारे पंप मिळतात. आपल्या दीड बारच्या हिशेबाला तासाला सुमारे १२२ लिटर पुरतात, मग एवढा मोठा कशाला, असे वाटेल. पण डब्यावरचा आकडा ठरावीक दाबाचा असतो. पाणी जितके उंच चढवावे तितकी धार कमी, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इंधनाचा दाब वाढला की हा पंपही कमी देतो. विजेचेही तसेच आहे. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटर कशी कुथते ते आपण पाहतोच. गाडीतल्या जुन्या बारीक तारेवर मोठा पंप जोडला तर त्याच्यापर्यंत पुरे व्होल्टेज पोचत नाही. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड तार आणतात, मध्ये रिले बसवतात आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवतात. म्हणजे तार कोठे घासली तरी आग लागण्याआधी फ्यूज जातो.

आता दाब. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इंजेक्टरमागे पेट्रोलचा दाब तीन बार आहे असे धरा. त्याच्या तोंडासमोर टर्बोने दीड बार हवा कोंडली. म्हणजे पेट्रोलला बाहेर ढकलणारा खरा जोर उरला दीड बार! ज्या क्षणी जास्त पेट्रोल हवे, त्याच क्षणी धार तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास घटते. म्हणून दाबनियंत्रकाला इंजिनाच्या हवेच्या वाटेवरून एक बारीक नळी जोडतात. हवेचा दाब जेवढा चढेल तेवढाच पेट्रोलचा दाब तो चढवतो. तीनचा साडेचार झाला की फरक पुन्हा तीनच राहतो. ही नळी बोटाएवढीही जाड नसते, पण ती निसटली तर सारा हिशेब निसटला. तिला क्लिप लावलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, इंजेक्टर बदलण्यापेक्षा पेट्रोलचा दाबच आणखी वाढवू. त्याचे उत्तर शाळेतला एक प्रयोग देतो. एका उंच डब्याला तळाशी बारीक छिद्र पाडा. वरून पाणी घालत राहून पाण्याची उंची १० सेंटिमीटर राखा आणि एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजा. मग उंची ४० सेंटिमीटर राखून मोजा. दाब चौपट झाला, पण पाणी फक्त दुप्पट पडेल. धार दाबाच्या वर्गमुळाने वाढते. दाब दीडपट केला तर पेट्रोल २२ टक्केच वाढते, आणि इकडे पंपाची ताकद घटते. तेव्हा मोठा इंजेक्टर घेणे हाच सरळ मार्ग.

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. येथे घाई करणाऱ्याने हात लावू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. बिडी, शेगडी, ग्राइंडर, उघडा बल्ब यांना तेथे मज्जाव. आग विझवण्याचे नळकांडे हाताशी असावे. टाकीत पेट्रोल थोडेच ठेवावे. साध्या पेट्रोल इंजिनात पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करतात. नळीतले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवतात. एवढे करूनही नळी सोडताना थोडे पेट्रोल येतेच, म्हणून खाली फडके धरतात आणि ओले फडके लगेच दूर नेतात.

टाकीच्या आत पंपाला जी लहानशी नळी लागते, ती साधी चालत नाही. बाहेरच्या रबरी नळीला पेट्रोल सोसवते ते आतल्या अंगाने. ती पेट्रोलात बुडवून ठेवली तर बाहेरचे अंग फुगते, मऊ पडते आणि एक दिवस फुटते. बुडून टिकणारी नळी वेगळी मागून घ्यावी लागते. किंमत थोडी जास्त असते, पण चार पैसे वाचवायचे ठिकाण ते नव्हे.

पुढे नळ्या. त्या टर्बोपासून आणि सायलेन्सरच्या पाईपापासून दूर न्याव्यात. टर्बोचे अंग तापून लाल होऊ शकते, आणि त्यावर पेट्रोलचा एक फवारा म्हणजे पेटलेली गाडी. पत्र्यातून नळी जाते तेथे रबरी कडे घालावे, हातभर अंतरावर आवळपट्टी लावावी. पंपाच्या आधी जाड आणि पुढे बारीक अशा दोन गाळण्या असाव्यात. ड्रिपर कचऱ्याने चोंदतो हे आपण जाणतो. चार इंजेक्टरांतला एक चोंदला तर बाकीचे तीन ठीक चालत असतानाही त्या एका सिलिंडरचा पिस्टन जातो.

इंजेक्टर बसवताना ओ-रिंग नवी घ्यावी आणि तिला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. कोरडी रिंग जबरीने घातली की चिरते आणि चीर बाहेरून दिसत नाही. सारे जोडून झाले की इंजिन लगेच सुरू करू नये. नुसती किल्ली फिरवून पंप दाब भरू द्यावा, असे दोनतीन वेळा करावे, बॅटरी घेऊन प्रत्येक जोड पाहावा. एकही थेंब दिसला तर काम झालेले नाही.

हे सर्व झाले तरी गाडी चालवायला तयार नसते. इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे आज गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्याला अजून जुनाच इंजेक्टर आहे असे वाटते. ओंजळीऐवजी हाती तांब्या दिला तर तितक्याच वेळा ओतून कसे चालेल? म्हणून त्याला नवे माप सांगावे लागते. मग सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावून हवा-पेट्रोलचे प्रमाण पाहत, कमी दाबापासून पायरीपायरीने वर जातात. हे काम रोलरवर गाडी उभी करून चाचणी घेण्याच्या जागी करायचे, गावच्या रस्त्यावर नव्हे. रस्त्यावर म्हातारी माणसे, गुरे आणि शाळेची पोरे असतात.

जुन्या जेटफायरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्या गाडीला नॉकपासून वाचवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. टर्बोचा जोर लागला की ते मिश्रण आत जाई. पण पुष्कळ मालक ती टाकी भरायचे विसरत. ती रिकामी झाली की जोर आपोआप कमी होण्याची योजना कारखान्याने केली होती. मालकांना वाटे, गाडीतच दोष आहे. दोन वर्षांत, १९६३ साली, ती गाडी बंद झाली. जोर सर्वांना हवा असतो, पण जोराला लागणारा पुरवठा रोज आठवणीने पाहणारे थोडे.

आता आपल्या उसाशी जोडलेली एक गोष्ट. इथेनॉल नॉकला चांगला विरोध करते आणि आत जाताना हवा थंड करते, म्हणून अमेरिकेतले टर्बोवाले ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन आवडीने वापरतात. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते, साधारण ३० ते ४० टक्के अधिक. तेव्हा पंप आणि इंजेक्टर आणखी मोठे आले. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठल्याचे २०२५ साली सरकारने जाहीर केले, आणि त्या इथेनॉलचा एक वाटा आपल्या ऊस-मळीतून येतो. जुन्या जातीचे काही रबर इथेनॉलपुढे टिकत नाही, म्हणून नवी नळी किंवा ओ-रिंग घेताना ती इथेनॉलला चालते का, हे दुकानदाराला विचारावे.

आता ट्रॅक्टरवाल्यांसाठी. वर जे सांगितले ते पेट्रोलचे. डिझेलचे गणित उलटे आहे, बरं का! पेट्रोलच्या इंजिनात इंधन कमी पडले की ते तापते. डिझेलच्या इंजिनात हवा नेहमीच जास्तीची असते, तेथे इंधन जास्त सोडले की ते तापते. "पंप वाढवून देतो, ट्रॅक्टर कसा ओढतो बघा" असे कोणी म्हणाले, तर तो डिझेल वाढवतो, हवा नव्हे. काळा धूर निघतो तो न जळलेल्या डिझेलचा, म्हणजे आपल्याच पैशाचा. वर टर्बो, पिस्टन आणि हेड गास्केट यांवर उष्णतेचा मारा होतो तो वेगळाच.

आणि एक इशारा जीवाचा. नव्या डिझेल इंजिनात नोझलपर्यंतचा दाब हजार बारच्याही पुढे जातो. नव्या जातीच्या काही पेट्रोल इंजिनांतही तो शंभर बारच्या वर असतो. अशा इंजिनाला वर सांगितलेली घरगुती रीत लावू नये. गळती कोठे आहे हे हाताने चाचपून तर कधीही पाहू नये. त्या दाबाची केसासारखी धार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसे, आणि आत मात्र हात सडू लागतो. असे झाले तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे आणि काय झाले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदीतल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही. असा फेरफार दडवून ठेवला आणि अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईत अडचण येऊ शकते. शर्यतीची हौस असेल तर तिची जागा शर्यतीचे मैदान. कोइमतूरला आणि चेन्नईजवळ अशी मैदाने आहेत.

शिक्षक मित्रहो, आपल्या वर्गात एखादा मुलगा असा असेल की ज्याचे लक्ष पुस्तकापेक्षा दारावरून गेलेल्या गाडीच्या आवाजाकडे जास्त. त्याला रागावू नका. त्याला तो डबा आणि छिद्राचा प्रयोग करायला लावा, एका मिनिटाची हवा आणि पेट्रोल यांचा भागाकार करायला लावा. उद्या तो गॅरेजात उभा असेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, "दाब थोडा वाढवून दे, बाकी काही नको." त्या वेळी "आधी पंप आणि इंजेक्टर पाहू, मग दाबाचे बोलू" असे सांगण्याचे बळ त्याला त्या भागाकारातूनच येणार आहे. त्याने गिऱ्हाइकाचे इंजिन वाचेल, आणि प्रसंगी त्या गाडीत बसलेल्या माणसांचे प्राणही.

विहिरीत पाणी किती हे पाहूनच आपण पिकाचे क्षेत्र ठरवतो. गाडीचा जोरही तसाच ठरवावा.